बारावं घर

१

पौष लागला की मी कपाटाच्या खालच्या फळीवरून ते जाड पुस्तक काढते. जगातल्या बारा लेखकांची घरं आणि त्यांच्या बागा. प्रत्येकाची आठ-दहा पानं, मोठाली रंगीत चित्रं, मजकूर थोडा. नागपूरला एका जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळालं होतं. एसटीत मांडीवर घेऊन बसले, आणि दारव्ह्याला उतरले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण माझं म्हणावं असं पुस्तक हेच.

वाचायची रीत ठरलेली आहे. दुपारी चारला चहा, व्हरांड्यात वेताची खुर्ची, आणि आठवड्याला एकच घर. घाई करायची नाही. बारा घरं संपतात तोवर फाल्गुन येतो. ही सगळी थंड मुलखातली घरं. तिथली माणसं खिडकीशी बसून बर्फ वितळायची वाट बघत. आमच्याकडे बर्फ नाही, पण वाट आहे. यवतमाळच्या रस्त्यावर पळस फुलला की आमचा वसंत आला.

माझी थोरली बहीण रुखमा. गाव तिला रुखमाबाई म्हणायचं, मी नुसतं बाई. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि छत्तीस वर्षं राहिली. माझं लग्न झालं नाही. तिच्या मते ते पुस्तकांशी झालं होतं. मी कागदावरच्या बागा वाचायची, ती अंगणातली करायची. चार वाजले की मातीचे हात घेऊन ती पायरीवर बसे, आणि मी तिला चित्रं दाखवून इंग्रजीतलं मराठीत सांगे.

"घरं झकास हाय," ती म्हणायची, "पन मानूस एकबी नाई. कुठं गेले सारे?"

"अगं, ते लेखक कधीच वारले. आता लोक घर बघायला येतात. त्यांच्या वस्तू जशाच्या तशा ठेवल्यात."

"म्हंजे घर वाट पाहून राह्यलं."

"घर कशाला वाट बघेल?"

"मंग चष्मा काहून ठेवला टेबलावर?"

मी पान उलटायची.

२

आमच्याकडे घरातून निघताना कुणी "जातो" म्हणत नाही. "येतो" म्हणायचं, आणि घरात राहणाऱ्यानं "ये" म्हणायचं. बायासुद्धा "येतो"च म्हणतात, वऱ्हाडीत तसंच आहे. मी मात्र शाळेतली. बाई "येतो" म्हणाली की मी तिला सुधारायची, "येतो नाही, येते." ती हसून पुन्हा "येतो"च म्हणायची. छत्तीस वर्षांत दोघींपैकी कुणीही माघार घेतली नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी घराची साफसफाई काढली होती. बाईला दोन महिन्यांपासून दम लागत होता, तरी तिनं माझी सगळी पुस्तकं अंगणात सतरंजीवर उन्हात मांडली. मधेच झाडांकडे जायची, परत यायची. संध्याकाळी बघते तर जाड पुस्तकातल्या सहाव्या घराच्या चित्रावर, नेमका बागेच्या फाटकावर, मातीचा अंगठा उमटलेला. अंगठा तिचाच. विळ्यानं कापल्याची आडवी रेघ ठशातही स्पष्ट होती. एका डागासाठी पोरांना रडवणारी मी, मी तिला कशी सोडणार? म्हटलं, "इंग्रजी कळत नाही तर निदान हात धुऊन चित्रं बघावीत." रात्री ती जेवली कमीच.

सकाळी आमचा भाचा अक्षय राळेगावकडून गाडी घेऊन आला. बाईच्या तपासण्या करायच्या होत्या, यवतमाळला. दोन दिवसांचं काम. बाई पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहिली.

"येतो वं, दीपा."

मी खुर्चीत बसून खोडरबरानं तो डाग काढत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "जा."

फाटकाची कडी बराच वेळ वाजली नाही, म्हणजे ती तिथंच उभी असणार. मग वाजली.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच गेली. अक्षयनं तिला तिथूनच गावी नेलं, आमच्या वडिलांच्या शेतात. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण या फाटकातून ती परत आली नाही, आणि निघताना तिला "ये" म्हणणारं कुणी नव्हतं. कुणी नव्हतं कसं, मी होते. मला तिला एकदा "ये" म्हणायचं आहे. त्यापलीकडे आता मला काही नको.

३

फाटकाजवळ बाईची मोगऱ्याची आठ झुडपं आहेत. पौषात ती त्यांची छाटणी करायची, उरलेली पानं हातानं खुडायची आणि पाणी तोडायची. याला ताण देणं म्हणतात. पळस फुलेपर्यंत मोगऱ्याला थेंबभर पाणी नाही, हा तिचा नियम. एकदा मला दया आली आणि मी तांब्याभर ओतलं तर ओरडली होती, "पानी देल्लं त नुसता पाला येते! फुलासाठी दम धरा लागते, मास्तरीनबाई."

यंदा छाटणी मी केली. हात सोलवटले, पण केली. पाणी तोडलं. आणि चार वाजता खुर्चीत बसून पहिलं घर उघडलं. पुण्याहून भाचीचा, सलोनीचा, रोज फोन यायचा, "आत्या, इकडे ये ना, एकटी काय करतेस तिथे?" मी म्हणायची, वाचतेय.

सहाव्या आठवड्यात तो अंगठा आला. वाळलेला, तपकिरी, कडा माझ्या खोडरबरानं पुसट झालेल्या. मी त्यावर माझा अंगठा ठेवून बसले आणि खूप रडले. डाग काढायला निघाले होते, आणि आता तोच तेवढा उरला होता.

सातव्या आठवड्यात सातवं घर उघडलं. उजव्या पानावर खाली, फुलांच्या वाफ्यापाशी, अंगठा होता. गेल्या वर्षी तो तिथे नव्हता. दिवाळीत पानन् पान तपासलं होतं मी. मग मनाशी म्हटलं, दीपा, तू बासष्ट वर्षांची आहेस, त्या दिवशी रागात होतीस, एखादं पान सुटलं असेल. हे अगदी पटण्यासारखं होतं. मी नेहमीच्या सवयीनं डागावर बोट फिरवलं.

माती बोटाला लागली. ओली होती.

पुस्तक मिटून मी फाटकाकडे गेले. भर माघात, दीड महिना पाणी तोडलेल्या जमिनीत, आठही झुडपांच्या बुडाशी आळी काळी ओली झाली होती. नळ बंद होता, पाईप गुंडाळून ठेवलेला. झारी मागच्या खोलीत आडवी पडली होती, आणि तिच्या तळाशी कोळ्याचं जाळं होतं.

४

शेजारच्या जैबुनबी आठव्या आठवड्यात भिंतीपलीकडून हाक मारून आल्या. वाटीत शेवयांची खीर होती. जैबुनबी आणि बाईची मैत्री भिंतीवरची, एकीनं कलम द्यायचं, दुसरीनं खीर. माझ्याशी त्या जरा बेतानंच बोलतात, माझ्या पुस्तकी भाषेमुळे.

"दीपाबाई, पाहुनी आली काय तुमच्याकडं?"

"नाही. का?"

"काल दोपहरले तुमी बाजारात गेलत्या ना? आंगन झाडून राह्यलं होतं कोनीतरी. मले वाटलं सलोनी आली." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "झाडताना मधीमधी थांबे. दम लागल्यावानी."

मी म्हटलं, वारा असेल. जैबुनबी अंगणाकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. शेवग्याचा पाला रोज सकाळी मीच लोटते, पण मी सरळ ओढते. अंगणात अर्धगोल ओळी होत्या, एकीला लागून एक, फाटकापासून पायरीपर्यंत.

आणि वेताची खुर्ची व्हरांड्यात नव्हती. ती शेवग्याखाली होती, किंचित तिरपी, फाटकाकडे तोंड करून. जैबुनबी गेल्यावर आत जाऊन आठवं घर काढलं. तिथेही झाडाखाली खुर्ची होती, तशीच तिरपी. खुर्चीच्या पाठीवर ओला अंगठा होता.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. म्हणजे वाटली, थोडी. पण आनंद जास्त होता. बाई येतेय, मी मोठ्यांदा म्हटलं. तिच्याच बोलीत म्हटलं गेलं, "येऊन राह्यली." ती फाटकापर्यंत येते, झाडांना पाणी देते, अंगण झाडते. उंबरा ओलांडत नसेल, कारण तिला कुणी "ये" म्हटलेलं नाही. ज्या माणसानं म्हणायचं त्यानं "जा" म्हटलंय. साधी गोष्ट होती. मी म्हटलं की झालं.

मग मी रोज चार वाजता फाटकाशी उभी राहू लागले. कापसाचे ट्रक जात, शाळेची पोरं सायकलवरून जात. मी रिकाम्या रस्त्याला म्हणायची, "ये, बाई. ये." एकदा पोरं हसली. एकदा जैबुनबींनी बघितलं.

त्या सरळ फाटकात आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "कोनाले ये म्हनून राह्यल्या?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, "जा"सुद्धा. जैबुनबींनी तोंडावर पदर धरला. मग त्यांनी अंगणातल्या अर्धगोल ओळींकडे बघितलं.

"रुखमाबाई लय सीधी बाई होती," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर नाराज नसन ते. पन दीपाबाई, चार दिवस सलोनीकडं जाऊन या. नाईतर माझ्या घरी झोपा. इथं नका राहू."

"आणि ती आली आणि घरात कुणी नसलं तर?"

त्यांनी माझा हात सोडला. जाताना मात्र, आयुष्यात पहिल्यांदा, "येतो" न म्हणता गेल्या.

५

नवव्या आठवड्यात माझ्या चपला.

मी चपला दारात कशाही काढते, एक उलटी, एक सुलटी. बाई त्या रोज सरळ करायची आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायची, निघणाऱ्याला पायात सरकवायला सोपं म्हणून. त्या दिवशी त्या तशाच होत्या. पायरीवर जोडीनं, टाचा घराकडे, अंगठे फाटकाकडे. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझं काही केलं होतं, त्याचंच मला भरून आलं. एक गोष्ट मात्र त्या वेळी ध्यानात आली नाही.

ती ध्यानात आली दहाव्या आठवड्यात. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर टेबल आवरलेलं होतं. औषधं नाहीत, मोबाईलचा चार्जर नाही, चहाचा कप धुऊन पालथा. मधोमध जाड पुस्तक मिटलेलं, आणि त्यावर माझा चष्मा, काड्या मिटून.

खुर्ची माझी. चपला माझ्या. चष्मा माझा.

बाईची लुगडी मी दिवाळीनंतर वाटून टाकली, पण तिची ताटली आहे, तिचा विळा आहे, पायरीवर बसायचा तिचा पाट आहे. त्यातलं काहीही जागचं हललं नव्हतं. येणाऱ्या माणसासाठी घर असं मांडत नाहीत. येणाऱ्यासाठी पाण्याचा तांब्या भरतात, पाट टाकतात. हे दुसरंच काही होतं, आणि ते मी गेली कित्येक वर्षं दर हिवाळ्यात आवडीनं बघत आले होते.

माझी रीत मोडून मी शेवटची पानं उघडली. बारावं घर. बारावं मला सगळ्यांत आवडतं. तिथली लेखिका एकटी राहायची. चित्र आतल्या खोलीचं आहे. टेबलावर मिटलेलं पुस्तक, त्यावर चष्मा. दाराशी चपला, अंगठे बाहेर. दार सताड उघडं, बाहेर झाडाखाली रिकामी खुर्ची, आणि तिच्यापलीकडे पांढऱ्या फुलांनी भरलेली बाग. माणूस एकबी नाही.

मला आठवलं, मागच्या वर्षी बाईनं हे चित्र फार वेळ बघितलं होतं. मी म्हटलं, "बघ, किती शांत आहे." तिनं विचारलं होतं, "हे बाई चपला न घालताच गेली काय वं?"

या पानावर अंगठा नव्हता. मी बोट फिरवून बघितलं. कोरडं होतं. चित्रात होतं ते सगळं माझ्या घरात होतं. फुलं तेवढी नव्हती.

६

काल सलोनीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलं, येते. बॅग भरली. अक्षय उद्या सकाळी गाडी घेऊन येणार आहे. काल संध्याकाळपर्यंत माझी बुद्धी शाबूत होती, हे तिला कळावं म्हणून लिहिते.

आज सकाळी भाजीवाली म्हणाली, "यवतमाळच्या रस्त्यानं पळस फुलला, बाई." मी बरं म्हटलं. मोगऱ्याच्या फांद्या तेव्हा उघड्याच होत्या. ताण सोडला तरी फूल यायला तीन-चार आठवडे लागतात, हे मला पाठ आहे.

आता चार वाजलेत. चहा ठेवला नाही. मोगऱ्याचा वास मला स्वयंपाकघरात आला, आणि मी गॅसपाशी उभी राहून आधी उदबत्ती कुणी लावली, जैबुनबीकडे लग्नकार्य आहे का, असला सगळा विचार केला. मग बाहेरच्या खोलीत आले. दार सताड उघडं आहे. फाटकापाशी सगळं पांढरं दिसतंय.

चष्मा पुस्तकावर आहे. मी उचललेला नाही. म्हणून अक्षर वाकडं येतंय आणि म्हणून बाहेरचंही नीट दिसत नाही. झुडपांत कुणीतरी वाकलेलं आहे. पाठ आहे, एक खांदा आहे, आणि मनगटापर्यंत मातीनं काळा झालेला हात. पाठ श्वासानं वरखाली होते, थांबते, पुन्हा होते. तोंड इकडे नाही. ती बाईच आहे, असं शपथेवर सांगता येणार नाही. मी एकदा "बाई" म्हटलं. हात थांबला, पण मान वर झाली नाही. मीही तेव्हा केली नव्हती.

मला तिला जे म्हणायचं होतं ते म्हणायला मी तोंड उघडलं. चार महिने मी हाच शब्द मनात घेऊन होते. पण त्याच्या आधीच तिकडून आला. हलकाच, दम लागलेला.

"ये."

माझ्याकडून राहिलेला शब्द तिनं मला दिला. रागानं दिला की मायेनं, ते मला कळत नाही. मी फार घाबरले आहे, सलोनी. तरी या घरात मला आता कुणाची वाट बघायची नाही, आणि तिला पुन्हा "जा" म्हणणं मला जमणार नाही.

अक्षयला सांग, मोगऱ्याला आता रोज पाणी लागेल. पुस्तक तू घे. बाराव्या घरावर डाग असला तर पुसू नकोस.

चपला जोडीनं ठेवल्या आहेत, अंगठे बाहेर, इतक्या नीट की पायात घालून मोडाव्याशा वाटत नाहीत. अंगण झाडलेलं आहे. माती ओली असेल, पायांना बरी लागेल.

आयुष्यभर मी बाईला चुकीचं सुधारत आले. आज तिच्यासारखंच म्हणते.

येतो.